नाव सांगतं, गुण सांगत नाही
(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी लिनक्सवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण आम्ही आज संगणक शिकवायला आलेलो नाही. "लिनक्स टाकलं आणि वायफाय चालेना", "आवाजच येईना", "झाकण मिटलं की लॅपटॉप पुन्हा जागाच होत नाही", अशी वाक्यं आता घराघरांत ऐकू येतात. त्यातल्या "चालत नाही" या दोन शब्दांची चिकित्सा करायची आहे. आणि शब्दांची चिकित्सा हा तर आमचा जुना धंदा.

या वाक्यांवरून लोक एक निष्कर्ष काढतात. लिनक्स कच्चं आहे, फुकटचं ते शेवटी फुकटचंच. आमचं म्हणणं असं, की हा हेत्वाभास आहे. वायफाय चालत नाही हे खरं. पण त्याचं कारण बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं अज्ञान नसतं, बनवणाऱ्यानं दडवलेलं ज्ञान असतं. हे नीट समजून घेतलं तर २०२२ साली डेबियन या लिनक्सच्या जुन्या, मानी परिवारानं घेतलेल्या एका वादग्रस्त निर्णयाचं मोल ठरवता येईल. आजच्या समीक्षेचा खरा विषय तो निर्णय आहे.

आता हा प्रश्न आजच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीचे, अजून ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप एका तारखेनं म्हातारे ठरले. ते कचऱ्यात जात नाहीत, जुन्या बाजारात येतात. तिथून ते कुणाच्या घरी जातात? या कुंभारीत २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ ला रे नगरच्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. यंत्रमागावरची माणसं, विड्या वळणाऱ्या बाया, कचरा वेचणाऱ्या बाया, त्यांची मुलं. जुना लॅपटॉप अशाच घरांत येतो, आणि तो सुरक्षितपणे वापरायचा तर लिनक्स हीच वाट उरते. तेव्हा वायफाय चालणार की नाही हा हौशी लोकांचा प्रश्न राहिलेला नाही. पोरीचा प्रवेश अर्ज भरला जाणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

थोडी पायाभरणी करू. लॅपटॉप सुरू होतो तेव्हा लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आत बसलेल्या एकेका भागाला विचारतो, तू कोण? प्रत्येक भाग दोन क्रमांक सांगतो, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा. जणू आडनाव आणि नाव. इंटेलचं आडनाव ८०८६ आहे. १९७८ साली त्यांनी याच नावाचा प्रोसेसर काढला होता, तोच आकडा त्यांनी मिरवायला घेतला. टर्मिनलवर एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की ही सगळी हजेरी तुम्हालाही दिसते. मग कर्नल आपल्या यादीत बघतो, या नावाच्या वस्तूशी बोलायचं कसं हे सांगणारा ड्रायव्हर आपल्याकडे आहे का? असला तर वस्तू कामाला लागते. नसला तर ती हजेरीला उभी असते आणि तरी मुकी असते.

म्हणजे बघा, यंत्र नाव सांगतं, गुण सांगत नाही. वायफायची चिप आपलं नाव कबूल करते. पण लहरी पाठवायच्या तर कोणत्या खणात कोणता आकडा ठेवायचा, हे ती सांगत नाही. ते ज्ञान बनवणाऱ्याच्या कपाटात असतं.

सोलापूरकरांना हे चादरीवरून सांगता येईल. जेकार्ड मागावर मोर उमटतो तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. भोक असेल तिथं सुई आत जाते, त्या हुकाचा दोरा उचलला जातो. संगणकाचा इतिहास सांगणारे या मागाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. समजा कुणी तुम्हाला माग विकला, पण किती हुक, कोणता हुक कोणत्या दोऱ्याला, हे सांगायला नकार दिला. आपला विणकर काय करेल? वर चढेल, हुक मोजेल, दोरे हातानं ओढून बघेल, आणि आठवड्याभरात पुठ्ठा कापेल. कारण माग डोळ्यांना दिसतो. चिपच्या आत बघायला वर चढता येत नाही. फरक एवढाच, पण तो फार मोठा.

मग लिनक्सवाल्यांनी ड्रायव्हर लिहिले तरी कसे? इथं आम्हाला आमचं न्यायदर्शन उपयोगी पडतं. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानतात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ड्रायव्हरच्या जगात ही चारही जशीच्या तशी सापडतात.

हजेरी घेणं आणि कर्नलचा रोजनामा वाचणं हे प्रत्यक्ष. उपमानाचं आपलं जुनं उदाहरण गवयाचं. रानातला माणूस शहरातल्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. शहरातला रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि ओळखतो. लॅपटॉपच्या आवाजाचं काम बरंचसं असंच चालतं. नवी साउंड चिप जुनीसारखीच असते, फक्त या मॉडेलमध्ये स्पीकर वेगळ्या पायाला जोडलेला असतो. मग जुन्या ड्रायव्हरमध्ये एक ओळ वाढवतात, हा अमुक मॉडेल, याला तमुक सवलत. कर्नलमध्ये अशा अपवादांच्या लांबलचक याद्या आहेत. कुठल्यातरी वापरणाऱ्यानं आपल्या लॅपटॉपचा आवाज सुरू व्हावा म्हणून खटपट केली आणि ती ओळ पुढच्या सगळ्यांना मिळाली, असा त्यातल्या कितीतरी ओळींचा इतिहास आहे.

शब्द म्हणजे आप्ताचं वचन. इथं नैयायिक फार बारकाईनं बोलतात. ज्याला माहीत आहे तो आपोआप आप्त होत नाही. माहीत असावं, आणि जसं आहे तसं सांगण्याची इच्छाही असावी, तेव्हा तो आप्त. चिप बनवणाऱ्या कंपनीला चिपबद्दल सगळं माहीत असतं. ती आप्त आहे का, हे तिच्या इच्छेवर ठरतं. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीनं आपल्या रेडिऑन ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती खुली करायचं जाहीर केलं, आणि तिचे खुले ड्रायव्हर आज कर्नलमध्येच असतात. सांगण्याची इच्छा झाली की काय होतं, त्याचा हा दाखला.

जिथं शब्द मिळत नाही तिथं उरतं अनुमान. धूर दिसतो, त्यावरून अग्नी. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिप एकेकाळी घरोघरच्या लॅपटॉपमध्ये होत्या आणि कंपनी काही सांगत नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते उलगडत तिचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटानं ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. उलगडणारे वेगळे आणि लिहिणारे वेगळे, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. २००६ साली तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. त्यानंतर चार वर्षांनी, २०१० साली, ब्रॉडकॉमनं आपल्या नव्या चिपसाठी स्वतःहून खुला ड्रायव्हर दिला. जे चार वर्षं सांगता येत नव्हतं ते एके दिवशी सांगता आलं. मग आधी अडचण ज्ञानाची होती का इच्छेची, हे तुम्हीच ठरवा.

पण अनुमानालाही कुलूप घालता येतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपसाठी नूवो नावाचा खुला ड्रायव्हर अशाच उलगडण्यातून तयार झाला. २०१४ पासून कंपनीच्या नव्या चिप असं म्हणू लागल्या, की आमच्या आत चालणारा प्रोग्राम कंपनीच्या सहीचाच हवा. या आतल्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. परिणाम असा, की नूवोवाल्यांना चिपचा वेग वाढवण्याची वाट कळली तरी त्या वाटेनं जाता येईना. चिप आळसावल्यासारखी सर्वांत खालच्या वेगावर चाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात या कंपनीचा जाहीर उद्धार केला होता, तो या कुलपाच्याही आधी. २०२२ साली एनव्हिडियानं कर्नलमधला आपला भाग खुला केला, टाळ्याही मिळाल्या. पण मधल्या काळात बरंचसं काम चिपवरच्या बंद फर्मवेअरमध्ये हलवलं गेलं होतं. कपाट उघडं केलं, ऐवज तिजोरीत सरकला.

आणखी एक गंमत सांगतो आणि मग निर्णयाकडे वळतो. झाकण मिटणं, झोपणं, जागं होणं, बॅटरी, या गोष्टींचे तक्ते लॅपटॉप बनवणारा स्वतः लिहून आत ठेवतो. त्या व्यवस्थेला एसीपीआय म्हणतात. या तक्त्यांना एक प्रश्न विचारता येतो, समोर कोण आहे? तू विंडोज आहेस का? बहुतेक बनवणारे आपले तक्ते फक्त विंडोजवर तपासतात. त्यामुळे लिनक्सनं खरं नाव सांगितलं तर न तपासलेल्या वाटेला जावं लागतं आणि झोपलेला लॅपटॉप उठतच नाही. म्हणून कर्नल काय करतो? "तू विंडोज आहेस का" या प्रश्नाला तो हो म्हणतो, आणि "तू लिनक्स आहेस का" या प्रश्नाला नाही म्हणतो. मित्रहो, स्वतःच्या घरात झोप मिळावी म्हणून नाव बदलून सांगावं लागतं, ही अवस्था आपल्या समाजाला काही नवी नाही. भाड्याची खोली शोधताना आडनाव दडवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील.

आता निर्णय. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची मांडणी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स तिच्यावरच आधारलेली आहे, म्हणजे डेबियनमध्ये जे ठरतं त्याचे पडसाद आपल्या सरकारी कचेरीपर्यंत येतात. १९९७ साली डेबियननं आपला सामाजिक करार लिहिला. आम्ही जे देऊ ते पूर्णपणे मुक्त असेल, ज्याचा मूळ मजकूर वाचता येतो, बदलता येतो, असंच असेल. या वचनापायी कित्येक वर्षं डेबियनच्या अधिकृत प्रतीत बंद फर्मवेअर नव्हतं. व्यवहारात काय व्हायचं? नव्या लॅपटॉपला तार जोडायची जागा नाही, वायफायची चिप फर्मवेअर मागते, आणि ते फर्मवेअर उतरवायला आधी वायफाय लागतं. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. फर्मवेअर घातलेली एक अनधिकृत प्रत होती, पण ती कुठं ठेवली आहे हे माहीतगारालाच माहीत.

२०२२ साली मतदान झालं. करार बदलायचा तर तिप्पट मताधिक्य लागतं, ते मिळालं. अधिकृत प्रतीत बंद फर्मवेअर घालायची मुभा करारातच आली, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ मध्ये ती अमलात आली. कडव्या मंडळींनी याला तत्त्वभ्रष्टता म्हटलं. व्यवहारी मंडळी म्हणाली, चला, सुटलो एकदाचे. आमच्या मते दोन्ही पक्ष अपुरे आहेत.

आधी कडव्यांकडे बघू. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच मुळी एका न बोलणाऱ्या यंत्रातून जन्मली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की संगणकावर निरोप यावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरला केली होती. नव्याला करता येईना, कारण त्याचा मूळ मजकूर कुणी देईना. ज्याच्याकडे तो होता त्यानं गोपनीयतेच्या कराराचं कारण सांगितलं. १९८३ साली स्टॉलमननी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागं हा अनुभव होता. त्यामुळे कडव्यांच्या रागाला इतिहास आहे, हे आम्ही मानतो. पण त्यांचा आजचा युक्तिवाद तपासा. त्यांच्या संघटनेची भूमिका अशी, की तेच बंद फर्मवेअर चिपमध्ये कायमचं कोरलेलं आणि बदलता न येणारं असेल, तर ते यंत्राचाच भाग धरावं, हरकत नाही. चकतीवरून चढवावं लागत असेल तर हरकत आहे. आम्ही विचारतो, गुपित बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत नेलं तर घरमालक जास्त स्वतंत्र झाला का? उलट कोरलेलं फर्मवेअर सुधारताही येत नाही. या कसोटीनं दडवणाऱ्यालाच बक्षीस मिळतं, त्यानं फक्त नीट दडवावं. ही कसोटी स्वातंत्र्याची नव्हे, सोवळ्याची आहे. शिवाशिव कुठं झाली एवढंच ती बघते.

आता व्यवहारी मंडळी. त्यांचं म्हणणं एका ओळीचं, चालतंय ना, मग बास. यातला धोका खैराटच्या गोष्टीत दिसतो. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत, दर मुलामागं एक लॅपटॉप या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात लिनक्स होतं, आणि मुलांनी आपलं यंत्र आतून बाहेरून जाणावं हीच योजनेची प्रतिज्ञा होती. तरी त्याच्या वायफाय चिपचं फर्मवेअर बंद होतं. मार्व्हेल कंपनीची ती चिप प्रोसेसर झोपलेला असतानाही शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पाठवायची. सोयीची होती, म्हणून घेतली. ओपनबीएसडीच्या थिओ द राट यांनी २००६ सालीच यावर कडाडून टीका केली होती. आता बघा, यंत्र मुळापासून आपल्या इच्छेनं घडवणाऱ्या, अख्ख्या जगासाठी खरेदी करायला निघालेल्या लोकांनाही एका चिपचं ज्ञान मिळवता आलं नाही. तिथं "चालतंय ना" म्हणणाऱ्या एकट्या ग्राहकाला कोण भीक घालणार? चालतंय म्हणून आपण विचारायचं थांबतो, आणि आपण विचारत नाही म्हणून पुढची चिप आणखी घट्ट बंद होते.

डेबियनच्या निर्णयातली गोष्ट, जिच्यासाठी आम्ही त्याला चांगला म्हणतो, ती वेगळीच आहे. त्यांनी बंद फर्मवेअर आत घेतलं, पण त्याला मुक्त सॉफ्टवेअरच्या पंगतीत बसवलं नाही. त्याच्यासाठी नवा, वेगळ्या नावाचा विभाग काढला, आणि नावातच लिहिलं की हे मुक्त नाही. काय काय चढवलं याची नोंद राहते. ज्याला नको त्याला सुरुवातीलाच नाही म्हणता येतं. तडजोड केली, पण तिला तडजोडच म्हटलं. आमच्या सार्वजनिक जीवनात तडजोडी कमी नाहीत. तडजोडीला तडजोड म्हणणारे कमी आहेत.

तरी एक उणीव आम्ही दाखवू. ही नोंद साध्या माणसाच्या नजरेस पडत नाही. लॅपटॉप चालू झाला की तो ती नोंद उघडून बघत नाही, आणि बघितली तरी फायलींची नावं वाचून त्याला काय कळणार? तिथं साध्या मराठीत असं वाक्य हवं, "तुमचं वायफाय अमक्या कंपनीच्या बंद प्रोग्रामवर चालत आहे, त्यात काय आहे हे आम्हालाही ठाऊक नाही." मग चालतंय आणि कळतंय यातला फरक वापरणाऱ्यासमोर रोज राहील.

शेवटी व्यवहाराचं. जुना लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा. आतली विंडोज पुसावी लागत नाही. वायफाय जोडा, गाणं वाजवा, कॅमेरा उघडा, उजेड कमी-जास्त करा, टचपॅडवर दोन बोटं फिरवा, झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. बोटाचा ठसा घेणारी पट्टी बऱ्याचदा दगा देते, तिच्यावर विसंबू नका. वायफाय अडलंच तर कार्ड बदलता येतं का ते बघा. काही जुन्या लॅपटॉपच्या आत मान्य कार्डांची यादी असते आणि ते परक्या कार्डाला उभंच करत नाहीत, हेही विचारून घ्या.

आणि जे घाऊक खरेदी करतात, शाळा, महाविद्यालयं, पंचायती, त्यांच्या निविदेत किती जीबी आणि किती इंच हे असतंच. त्यात एक ओळ वाढवा. प्रत्येक भागाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये असला पाहिजे. एकट्या माणसाचं कंपनी ऐकत नाही, हजार नगांच्या मागणीचं ऐकते. रे नगरला घर ताब्यात देताना कुणी म्हणालं असतं, की स्वयंपाकघराची किल्ली आमच्याकडे राहील, चूल पेटवायची तेव्हा आमचा माणूस येईल, तर इथल्या बायांनी ते चालवून घेतलं असतं का? तीस तीस वर्षं मोर्चे काढलेल्या बाया आहेत त्या. लॅपटॉपचं स्वयंपाकघर मात्र आपण बंद असलेलंच विकत घेतो, आणि वर लिनक्स कच्चं म्हणतो.

तेव्हा "चालत नाही" असं पुन्हा ऐकलंत तर एवढंच विचारा, कुणी सांगितलं नाही म्हणून चालत नाही? उत्तरात ज्या कंपनीचं नाव येईल ते पुढच्या खरेदीपर्यंत लक्षात ठेवा. इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही बसलेलो आहोत.